चार्लस विल्यम ईलियट

बोस्टन येथें १८३४ सालीं जन्मलेले ईलियट हार्वर्ड कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवीत. १८६३ सालीं प्राध्यापकाची मोठी जागा दुसऱ्यास मिळाली. वडिलांची दौलत १८५७ च्या व्यापारी आपत्तींत आधींच बुडालेली. तरी ते युरोपांत दोन वर्षें तेथील शाळा पाहत हिंडले. एका कापडगिरणीनें भारी वेतन देऊं केलें, तेंही त्यांनीं नाकारलें. १८६९ सालीं त्याच हार्वर्डनें त्यांस अध्यक्ष नेमिलें. वय अवघें ३५! त्या काळीं तेथें वैद्यकीच्या ९ विषयांपैकीं ५ विषयांत निभावला कीं विद्यार्थी डॉक्टर होई. अशा डॉक्टरांच्या हातीं रोग्यांचे प्राण! लेखी परीक्षा घ्यावी म्हणतांच एका वजनदार प्राध्यापकानें हरकत काढिली कीं, निम्म्या विद्यार्थ्यांस धड लिहितांच येत नाहीं. ईलियट हटले नाहींत. १८७१ पासून सर्व विषयांत उत्तीर्ण होणें भाग पडलें. विद्यार्थ्यांनीं आपले विषय स्वतः निवडावे, हा त्यांचा दुसरा आग्रह; तो मात्र थोडा अति झाला असें आम्हांस वाटतें. १९०९ पर्यंत, म्हणजे ४० वर्षें, ते अध्यक्ष होते.