जावा बेटाचे सुपुत्र डॉ. विलेम आइंटहोवेन

हॉलंडच्या लोकांनी १५९८ साली आपल्या बेटाला राजपुत्र मॉरिसचे नाव दिले आणि १६३९ साली जावा बेटावरून येथे ऊस आणला. पुढे याच उसाच्या शेतीसाठी आपले पूर्वज कोकणातून बोटीत बसले. त्या जावाच्या सेमारांग शहरी २१ मे १८६० रोजी एका डच डॉक्टरच्या घरी जन्मलेल्या पुरुषाची ओळख आज आम्ही वाचकांस करून देत आहोत. ज्यांच्या घरी कोणास फेफरे येते त्यांनी ती अवश्य वाचावी.

विलेम लहान असतानाच वडील वारले. सहा मुले पदरी घेऊन आई १८७० साली हॉलंडात उट्रेख्टला आली. तेथे विलेम वैद्यक शिकू लागला. त्याला खेळांचा भारी नाद. व्यायाम करताना एकदा मनगट मोडले, तर त्या सक्तीच्या विश्रांतीत गड्याने हाताच्या सांध्यावरच निबंध लिहिला! शिकून जावाला परतायचे, असा बेत होता. परंतु १८८५ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, लायडेन विद्यापीठाने त्यांस प्राध्यापक नेमले आणि ते जन्मभर तेथेच राहिले.

हृदयाच्या ठोक्याबरोबर बारीकसा विद्युतप्रवाह निघतो हे तेव्हा माहीत होते. लंडनच्या वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या छातीवरून तो टिपलाही होता. पण यंत्र सुस्त होते. आइंटहोवेन यांनी केसाहून कितीतरी बारीक काचतंतूला चांदीचा मुलामा दिला आणि तो जबर लोहचुंबकाच्या मध्ये ताणून बसवला. प्रवाह आला की तंतू थरथरे आणि त्याच्या सावलीचे छायाचित्र निघे. १९०१ साली त्यांनी हे यंत्र जगापुढे मांडले. वजन सुमारे २७० किलो, जागा दोन खोल्या, चालवायला पाच माणसे! रोग्याने दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचे. एवढे धूड इस्पितळात नेणार कसे? म्हणून १९०५ साली दीड किलोमीटरवरच्या इस्पितळापासून प्रयोगशाळेपर्यंत तारच जोडली. आजचा ईसीजी तो हाच. १९२४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

अखेरच्या वर्षांत अभियंता मुलाच्या साथीने त्यांनी अशाच तंतूवर जावातील मलबार केंद्राचे बिनतारी संदेश पकडले. (हे मलबार हिंदुस्थानातले नव्हे, बांडुंगजवळचा डोंगर.) २९ सप्टेंबर १९२७ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या कामाची एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. मेंदूतून निघून मानेतून हृदयाकडे व पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतील प्रवाह त्यांनी १९०८ साली टिपले होते. जर्मनीत येना येथे डॉ. बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा प्रवाह प्रथम टिपला, तोही तंतूच्या यंत्रावरच. अपस्माराच्या निदानात आज जो ईईजी काढतात त्याचा आरंभ तेथला.

फेफऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश रोग्यांना औषधे पुरी लागू पडत नाहीत. त्यांतल्या ज्यांच्यावर मेंदूची शस्त्रक्रिया करता येत नाही, अशा काहींच्या छातीत कातडीखाली एक छोटे यंत्र बसवतात. त्याची तार मानेतल्या व्हेगसला गुंडाळलेली असते आणि ठराविक वेळाने ते हलका प्रवाह सोडते. युरोपात यास १९९४ साली परवानगी मिळाली. झटका येताना पुष्कळांचे हृदय धावू लागते. नवी यंत्रे ठोक्यांवर पाळत ठेवून आपणहून प्रवाह देतात. म्हणजे आइंटहोवेन यांचे हृदय आणि आइंटहोवेन यांचा व्हेगस, दोन्ही एका डबीत! हॉलंडात हेझे गावचे केम्पेनहाखे अपस्मार केंद्र मास्ट्रिख्टच्या इस्पितळासह असे उपचार करते; थेट मेंदूत तार बसवण्याचेही.

यात जादू नाही. झटके बहुधा कमी होतात, क्वचितच पूर्ण थांबतात. आवाज घोगरा होतो, औषधे चालूच ठेवावी लागतात.

आपल्याकडे फेफरे आले की नाकाशी कांदा किंवा चप्पल धरीत. त्याने झटका थांबत नाही. हे यंत्र बसवलेल्यांच्या घरी मात्र एक लोहचुंबक हाताशी ठेवतात. झटक्याची चाहूल लागताच रोग्याने किंवा घरच्या कोणी तो छातीवरून एकदा फिरवायचा, की यंत्र जादा प्रवाह सोडते.