विल्यम बेटसन

विल्यम बेटसन (८ ऑगस्ट, १८६१ – ८ फेब्रुवारी, १९२६) हे इंग्लिश जीवशास्त्रज्ञ होते. आनुवंशिकीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. या शास्त्राचे इंग्रजी नाव 'जेनेटिक्स' त्यांनीच १९०५ साली सुचवले. एकाच गुणधर्मावर अनेक जनुके मिळून परिणाम करतात, हे त्यांच्या कोंबड्यांवरील प्रयोगांतून दिसून आले.

== जीवन ==
बेटसन यांचा जन्म यॉर्कशायरमधील व्हिटबी येथे झाला. त्यांचे शिक्षण केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात झाले. त्यांचे वडील तेथील प्रमुख होते. १९०८ साली ते केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाले आणि १९१० साली लंडनजवळील जॉन इनेस उद्यानविद्या संस्थेचे पहिले संचालक झाले. प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन हे त्यांचे पुत्र होत.

== कोंबड्यांवरील प्रयोग ==
१९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले, तेव्हा ते वनस्पतींपुरतेच खरे असतील अशी शंका होती. बेटसन यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांचा अभ्यास करून १९०२ साली हे नियम प्राण्यांनाही लागू पडतात असे दाखवले. पुढे रेजिनाल्ड पनेट यांच्यासह त्यांनी गुलाबतुरा व वाटाणातुरा असलेल्या शुद्ध वाणांचा संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व पिलांना दोन्ही जनकांहून वेगळा, अक्रोडासारखा तुरा आला. दुसऱ्या पिढीत अक्रोड, गुलाब, वाटाणा व एकेरी असे चार प्रकार ९:३:३:१ या प्रमाणात मिळाले. तुऱ्याचा आकार दोन स्वतंत्र घटकांच्या परस्परक्रियेतून ठरतो, असा याचा अर्थ होता. एक घटक दुसऱ्याचा परिणाम झाकतो, त्या स्थितीसाठी बेटसन यांनी 'एपिस्टॅटिक' ही संज्ञा योजली.

== मतभेद ==
आनुवंशिक गुण सलग, सूक्ष्म फरकांनी बदलतात असे मानणाऱ्या कार्ल पिअर्सन व वॉल्टर वेल्डन यांच्याशी त्यांचा तीव्र वाद झाला. मात्र घटक गुणसूत्रांवर असतात, ही कल्पना त्यांनी स्वतःच दीर्घकाळ नाकारली. थॉमस हंट मॉर्गन यांची प्रयोगशाळा पाहिल्यानंतर १९२१ साली त्यांनी ती अंशतः मान्य केली.

== वारसा ==
कोंबडीचे वजन व शरीरातील चरबी हे गुणधर्म तुऱ्यासारखे मोजक्या प्रकारांत विभागता येत नाहीत; ते अनेक जनुकांवर आणि आहारासारख्या बाह्य कारणांवर अवलंबून असतात. एखाद्या जनुकाचा चरबीवरील परिणाम इतर जनुकांच्या संगतीने वाढू वा घटू शकतो. म्हणून जनुकांचे परिणाम सुटे मोजून केलेली बेरीज पुरेशी ठरेलच असे नाही. अशा परस्परक्रियांना आज 'एपिस्टॅसिस' म्हणतात. बेटसन यांच्या संज्ञेचा अर्थ असा विस्तारला आहे.