धूर कसा पसरतो याचं गणित सापडलं, पण त्यात रस विषारी वायूवाल्यांना होता!

संथ पाण्यात शाईचा थेंब टाका. शाईचे कण कधी इकडे, कधी तिकडे ढकलले जातात. या दिशाहीन भटकंतीला म्हणतात रँडम वॉक. यात चौपट वेळ दिला, तर पसारा साधारण दुप्पटच होतो.

पण चिमणीचा धूर हा हिशोब पाळत नाही. तो कितीतरी वेगानं पसरतो. हे दाखवून दिलं लुईस फ्राय रिचर्डसन यांनी.

रिचर्डसन यांचा जन्म १८८१ चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्धाला ठाम विरोध. पहिल्या महायुद्धात त्यांनी बंदूक उचलली नाही. १९१६ मध्ये ते फ्रान्सला गेले आणि जखमींसाठी अँब्युलन्स चालवली. तिथंच कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी हवामानाचा सहा तासांचा अंदाज काढला. तो साफ चुकला, पण आज कॉम्प्युटर त्याच वाटेनं अंदाज काढतात.

पुढं ब्रिटनचं हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं. लष्कराशी संबंध नको म्हणून रिचर्डसन यांनी १९२० मध्ये नोकरी सोडली.

१९२६ मध्ये त्यांनी धुराचं कोडं मांडलं. हवेत लहान-मोठे भोवरे असतात. दोन कण जवळ असतील तर मोठा भोवरा दोघांना सोबतच वाहून नेतो, वेगळं करतात ते फक्त लहान भोवरे. अंतर वाढलं की मोठे भोवरेही त्यांची फारकत करू लागतात. मग चौपट वेळात अंतर दुप्पट नाही, थेट आठपट होतं!

आज याला सुपरडिफ्यूजन म्हणतात. मधूनच लांब पल्ला मारणाऱ्या रँडम वॉकचं मॉडेल, म्हणजे लेव्ही वॉक, १९८० च्या दशकात याच गणिताला लावलं गेलं. प्राणी अन्न शोधत कसे फिरतात, हे समजून घ्यायलाही ते वापरतात.

पण त्या काळी या संशोधनात सर्वाधिक रस कुणाला होता? पत्नी डोरोथी यांच्या आठवणीनुसार, विषारी वायूच्या तज्ज्ञांना. हे कळल्यावर रिचर्डसन यांनी हवामानाचं काम थांबवलं आणि न छापलेले कागद नष्ट केले. पुढं ते युद्धं का होतात याचंच गणित मांडत बसले.

१९५३ मध्ये ते गेले. छापून झालेलं सूत्र मात्र मागं घेता येणार नव्हतं. प्रदूषण कसं पसरतं, हे शोधणारे आजही त्याच सूत्रापाशी येतात.