ऐकत हिंडणारा माणूस : क्नूड रास्मुसेन

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी वर्गात बोलताना तोंडातून घरची बोली निघाली आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यानंतर बरेच दिवस मी गप्पच असे. त्याच दिवसांत ग्रंथालयात ध्रुवप्रदेशातील प्रवाशांविषयीचे एक पुस्तक हाती लागले आणि त्यात क्नूड रास्मुसेन भेटले. ज्यांची सारी थोरवी घरच्या बोलीवर उभी राहिली, अशा या माणसाची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

रास्मुसेन यांचा जन्म ७ जून १८७९ रोजी ग्रीनलंडमध्ये, आज इलुलिसाट म्हणतात त्या गावी झाला. वडील डॅनिश धर्मोपदेशक होते. आईकडून इनुइट रक्ताचा वारसा होता. ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत, तेच हे इनुइट लोक. क्नूड त्यांच्याच मुलांत खेळून वाढले. त्यांची भाषा बोलणे आणि कुत्र्यांची गाडी हाकणे ही दोन्ही विद्या त्यांना लहानपणीच मिळाल्या. पुढे शिक्षणासाठी डेन्मार्कला पाठवले, पण तेथे ते फारसे चमकले नाहीत. नट व्हावे, गायक व्हावे, हे प्रयत्नही फसले. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतलीच नाही.

१९०२ ते १९०४ या काळात ते एका डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलंडच्या अगदी उत्तरेला गेले आणि त्यांना आपले काम सापडले. १९१० साली मित्र पीटर फ्रॉइखेन यांच्यासह त्यांनी तेथे थुले नावाचे व्यापारी ठाणे उघडले. कोल्ह्यांच्या कातड्यांच्या व्यापारात जो नफा होई, तो ते संशोधनाच्या मोहिमांवर खर्च करीत.

त्यांतली सर्वांत मोठी मोहीम पाचवी, १९२१ ते १९२४ ची. तिच्यात पुराणवस्तू, निसर्ग आणि लोकजीवन अशा तिन्ही अंगांचा अभ्यास झाला. १९२३ साली रास्मुसेन हडसन उपसागराच्या बाजूने निघाले आणि कुत्र्यांच्या गाडीवरून कॅनडाचा सारा उत्तर किनारा ओलांडून अलास्कापर्यंत गेले. बरोबर ग्रीनलंडचे दोघेच होते : काविगार्सुआक हा शिकारी आणि अर्नारुलुंग्वाक ही तरुणी. तिचा पती मोहिमेच्या आरंभीच वारला होता, तरी ती मागे फिरली नाही. तिने शिवलेल्या कातडी कपड्यांशिवाय त्या थंडीत कोणाचाच निभाव लागला नसता. बोलीतले फरक सोडले, तर एवढ्या लांबवर रास्मुसेन यांना दुभाष्या लागला नाही. लहानपणीची भाषाच त्यांना घरोघरी आत घेऊन गेली.

आवा नावाच्या इनुइट भगताची हकीकत माझ्या मनातून जात नाही. समुद्रातल्या प्राण्याचे आणि जमिनीवरच्या प्राण्याचे मांस एका दिवशी खायचे नाही, असे अनेक निर्बंध ती माणसे पाळीत. हे कशासाठी, असे रास्मुसेन यांनी विचारले. आवा त्यांना बाहेर घेऊन गेला. वादळात दिवसभर सीलची वाट पाहून रिकाम्या हाताने परतणारे शिकारी त्याने दाखवले. चरबी नाही म्हणून दिवा मंद केलेले थंडगार घर दाखवले. आपली आजारी बहीणही दाखवली. मग त्याने उलट विचारले, की हे असे का व्हावे? रास्मुसेन यांच्याजवळ उत्तर नव्हते. भुकेच्या भयातून ते नियम आले होते आणि वाडवडिलांच्या अनुभवावर ते टिकले होते. रास्मुसेन त्या माणसाला अडाणी म्हणाले नाहीत. त्यांनी त्याचे म्हणणे लिहून घेतले.

मोहिमेच्या अहवालाचे अनेक खंड निघाले. पदवी नसलेल्या या माणसाला कोपनहेगन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. सातव्या मोहिमेत ते आजारी पडले आणि २१ डिसेंबर १९३३ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, डेन्मार्कमध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे १९५३ साली अमेरिकेच्या विमानतळासाठी थुलेच्या लोकांना आपली जागा सोडून उत्तरेला जावे लागले. आता तर समुद्रावरचे बर्फही पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही. परंतु त्या लोकांच्या कथा आणि गाणी कागदावर उरली. रास्मुसेन यांचे जन्मघर आज संग्रहालय आहे.

गेल्या दिवाळीत मी वही घेऊन आजीजवळ बसले. तिला लिहितावाचता येत नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात याची गणती नाही. वही पाहताच ती संकोचली. असल्या ओव्यांना कॉलेजात कोण विचारतो, असे तिने मलाच विचारले. मी वही बाजूला ठेवली आणि तिच्याबरोबर शेंगा फोडू लागले. थोड्या वेळाने ती आपणहून गाऊ लागली. रात्री आठवेल तेवढे मी लिहून काढले. तिच्या शब्दांत लिहिले, एकही शब्द सुधारला नाही. आजवर चाळीस ओव्या झाल्या आहेत. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीची मी वाट पाहत आहे.