सोइचिरो होंडा : कारमध्ये विमानाचं इंजिन बसवणारा पोरगा

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हायवे एकमेकांना छेदतात. तिथे संध्याकाळी उभं राहिलं की फटाके फोडणारे सायलेन्सर हमखास ऐकू येतात. मॉडिफिकेशन म्हणजे आवाज, असंच बऱ्याच जणांना वाटतं. म्हणून आज मी अशा माणसाबद्दल सांगतो, ज्याचं आडनाव तुमच्यापैकी अनेकांच्या गाडीवर आहे.

सोइचिरो होंडा १९०६ साली जपानमध्ये हामामात्सुजवळच्या खेड्यात जन्मले. वडील लोहार. १९२२ मध्ये ते टोकियोच्या आर्ट शोकाई गॅरेजात लागले. सुरुवातीला हातात पाना नाहीच, मालकाचं मूल सांभाळायचं! आपल्याकडे नव्या पोराला चहा आणायला पिटाळतात, तसंच.

मालक साकाकिबारांना शर्यतीचा नाद. त्यांनी मिचेल या अमेरिकन गाडीच्या चासीवर कर्टिस विमानाचं जुनं इंजिन चढवायचं ठरवलं. आठ सिलिंडर, आठ लिटरहून मोठं. म्हणजे तुमच्या ११० सीसी स्कूटरच्या सत्तर पटींहून जास्त. पण विमानाचं इंजिन पंख्यासाठी बनवलेलं, सगळा जोर १४०० आरपीएमच्या आसपासच. ते गाडीत चालवायचं तर सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. चाकांचे लाकडी आरे सोइचिरोने स्वतः तासले. नोव्हेंबर १९२४ च्या शर्यतीत ही गाडी पहिली आली. मालकाचा भाऊ चालवत होता आणि शेजारी मेकॅनिक म्हणून जेमतेम अठराचा सोइचिरो.

पुढे हामामात्सुत स्वतःचं गॅरेज काढून त्यांनी फोर्डच्या इंजिनाला सुपरचार्जर लावला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा पंप, जो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त जाळता येतं. त्यात उष्णताही वाढते, हे विसरू नका.

जून १९३६ मध्ये तामागावा ट्रॅकवर ती गाडी दुसऱ्या गाडीला धडकून उलटली. सोइचिरोंचं मनगट मोडलं, खांदा निखळला, डोळ्याला मार बसला. शेजारी बसलेला धाकटा भाऊ बेंजिरो तर गंभीर जखमी झाला. आणि हे खास शर्यतीसाठी बांधलेल्या ट्रॅकवर, जिथे समोरून कांद्याचा ट्रक येत नाही. माझं मत स्पष्ट आहे : हायवेवर असले प्रयोग नकोच. शिवाय आरसीवर नोंदलेली मूळ रचना परस्पर बदलणं मोटार वाहन कायद्यातही बसत नाही.

खरं डोकं मात्र महायुद्धानंतर दिसलं. १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस जनरेटरची छोटी इंजिनं त्यांच्या हाती लागली. त्यांनी ती सायकलला जोडली. टाकी कसली? अंथरुणात शेक घ्यायच्या गरम पाण्याच्या भांड्याची! चालवून बघायला बायको साची यांना बसवलं. इंजिनं संपली तेव्हा स्वतःची बनवली. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली. १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत १२५ आणि २५० सीसी दोन्ही गटांत होंडा जिंकली. आपल्याकडची कायनेटिक होंडा आली १९८४ मध्ये.

५ ऑगस्ट १९९१ ला सोइचिरो गेले. ती कर्टिस गाडी मोटेगीच्या होंडा संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.