आंरी ल शातेलिए : सिमेंटाचा अभ्यासक

नांदेडास वा लातुरास नवे घर उठू लागले, की वाळू, खडी व सिमेंट कालविण्याचे काम आपण जाता येता पाहतो. करड्या भुकटीत पाणी मिसळताच तिचा दगड का व्हावा, हा प्रश्न मात्र फार थोड्यांस पडतो. तो ज्यांना पडला व ज्यांनी त्यापायी कित्येक वर्षे वेचली, त्या आंरी ल शातेलिए ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचे चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद होईल.

त्यांचा जन्म पॅरिस येथे ता. ८ ऑक्टोबर १८५० रोजी झाला. वडील लुई हे नामांकित इंजिनियर होते. आईची शिस्त कडक होती. १८६९ साली ते एकोल पॉलिटेक्निक ह्या विद्यालयात दाखल झाले. पुढल्याच वर्षी पॅरिसला शत्रूचा वेढा पडला, तेव्हा त्यांनी लष्करात चाकरी केली. मग खाणविद्या शिकून १८७७ पासून पॅरिसच्या खाणविद्यालयात ते शिकवू लागले.

तेथे त्यांनी सिमेंटाचा अभ्यास हाती घेतला. १८८७ च्या प्रबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले, की सिमेंटाचे कण पाण्यात विरघळतात, द्रावण अतिसंतृप्त होते, व त्यातून सूक्ष्म स्फटिक निपजून परस्परांत गुंततात. पुढे १८९३ साली मिखाएलिस ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी निराळे मत मांडले : सिमेंट घट्ट होते ते चिकट खळीसारख्या पदार्थामुळे. आज दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आढळले आहे.

ह्या क्रियेत जागेचे महत्त्व फार. एक घनफळ सिमेंटापासून सुमारे दोन घनफळे नवा पदार्थ होतो व कणांमधील पाण्याच्या जागेतच त्यास वाढावे लागते. मूळ कणाच्या हद्दीत तो दाट बसतो. बाहेर मोकळ्या जागी विरळ व तंतुमय वाढतो. चुन्याचे मोठे स्फटिकही मोकळ्या पोकळीतच पसरतात. जागा संपली, की वाढ थांबते. म्हणून काम सोपे व्हावे ह्यास्तव कोणी पाणी अधिक ओतले, तर कणांत अंतर पडते, पोकळ्या उरतात, व भिंत आतून कच्ची राहते.

सिमेंटात मोकळा चुना राहिल्यास तो मागाहून फुगून बांधकामास तडे पाडतो. हा दोष ओळखण्यास त्यांच्याच नावाचा साचा आजही वापरतात. ३० मिलिमीटर व्यासाच्या व तितक्याच उंचीच्या, उभी चीर असलेल्या नळीत ओले सिमेंट भरून ते पाण्यात ठेवतात व नंतर उकळतात. चिरेच्या दोहों अंगांस जोडलेल्या सुयांची टोके किती दूर सरकली, हे मोजतात. साध्या पोर्टलंड सिमेंटास आपल्याकडे १० मिलिमीटरांची मर्यादा आहे.

समतोलाविषयीचा त्यांचा १८८४ सालचा नियम तर प्रत्येक महाविद्यालयात शिकविला जातो. परंतु यश सर्वत्र लाभले नाही. १९०१ साली नायट्रोजन व हायड्रोजन ह्यांपासून अमोनिया करण्याच्या प्रयत्नात, यंत्रात हवा शिरल्यामुळे स्फोट झाला व त्यांनी तो प्रयोग सोडला. पुढे हाबर ह्यांनी तेच साधले. हाती आलेला शोध आपणच निसटू दिला, ही चूक ल शातेलिए ह्यांनी वृद्धपणी उघडपणे कबूल केली. ता. १७ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले.

ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड व चिखल ह्यांच्या जाड भिंती कोसळल्या आणि निजलेली हजारो माणसे त्यांखाली गेली. दोन दगड कशाने सांधले आहेत, हा प्रश्न आपल्या प्रांती केवळ पुस्तकी नव्हे. मित्रहो, डोळ्यांस न दिसणाऱ्या जागेत जे काम नीट होते, त्यावरच घर उभे राहते. आणि माणसाचे शीलही तसेच घडते.