कै. खाशाबा जाधव

शाळेच्या पटांगणावर खेळाडूंची निवड होऊ लागली म्हणजे थोराड अंगाच्या मुलांची नावे प्रथम पुकारली जातात, व किरकोळ बांध्याची मुले कडेला उभी राहतात. अशा कडेला उभ्या राहणाऱ्या मुलांकरिता मुख्यत्वे आम्ही हे अल्पचरित्र लिहीत आहोत. थोराड मुलांनी व पालकांनीही ते वाचावे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीक गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल असल्यामुळे तांबड्या मातीची ओळख त्यांना पाटीपेन्सिलीच्याही आधी झाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात ते शिकत असता १९४२ चा लढा पेटला, व या शाळकरी मुलानेही त्यात आपल्या परीने उडी घेतली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी नाव घातले. तेथे वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी आपले नाव घ्यावे अशी विनंती करताच, क्रीडाशिक्षकांनी त्यांची लहानशी चण पाहून ती नाकारली. खाशाबांनी वादविवाद न करता प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांची भेट घेतली, आणि त्या गुणग्राही गृहस्थांनी परवानगी दिली. मग आपल्याहून दांडग्या मुलांस त्यांनी एकामागून एक आसमान दाखविले. ढाक हा त्यांचा आवडता डाव. ढाकेत केवळ बळ उपयोगी पडत नाही. क्षण साधावा लागतो.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबा लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. जन्मभर मातीत खेळलेल्या मल्लास तेथे गादीवर, नव्या नियमांनी लढावे लागले. रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांना तेथे मार्गदर्शन केले. सहावा क्रमांक मिळाला. आमच्या मते, तशा स्थितीत हे यशही थोडेथोडके नव्हते. परंतु खाशाबांचे समाधान झाले नाही, व परत येताच त्यांनी मेहनत दुप्पट केली.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हा अडचण होती ती पैशाची. सरकारदरबारी वेळेवर पुरेसे काही हाती लागले नाही. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी यथाशक्ति वर्गणी काढली, तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर ७,००० रुपयांस गहाण टाकले! विद्यार्थी हरून आला असता तर त्या घराचे काय झाले असते, याचा विचार त्यांच्या मनात आला नसेल असे नाही. आमच्या पालक वाचकांनी येथे क्षणभर थांबून स्वतःच्या घराच्या चार भिंतींकडे दृष्टी टाकावी.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस त्यांनी हरविले. जपानचे इशी यांच्याशी झालेली झुंज मात्र फार वेळ चालली व ती त्यांनी गमावली. तो शीण उतरण्यापूर्वीच त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव यांच्यासमोर उभे करण्यात आले, असे सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो दाखवून तक्रार करण्यास आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. ती कुस्तीही गेली, आणि खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक होय. तसे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. याच सामन्यांत कोल्हापूरचे केशव माणगावे यांचा चौथा क्रमांक आला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ते परतले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीचा गुलाल झटकून खाशाबांनी काय केले? त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. पदकापेक्षा ही गोष्ट आम्हांस तिळमात्र कमी वाटत नाही.

१९५५ साली ते पोलिस खात्यात फौजदार म्हणून दाखल झाले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने ऑलिंपिकची वाट बंद केली. तथापि खात्यातील स्पर्धा त्यांनी गाजविल्या, आणि क्रीडाशिक्षक या नात्याने शिपायांस व तरुण मल्लांस आपली विद्या दिली. लंडनमध्ये परक्या माणसाने आपल्याला हातचे न राखता शिकविले होते, याचे स्मरण त्यांना असलेच पाहिजे. २७ वर्षे नोकरी करून साहाय्यक पोलिस आयुक्त या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. देशाला पदक मिळवून देणाऱ्या या अधिकाऱ्यास निवृत्तिवेतनासाठी मात्र खेटे घालावे लागले. हे लिहिताना लेखणी जड होते, पण चरित्रातून ते गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. मानसन्मान त्यानंतर आले. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार व केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही मरणोत्तर होत. २०१० साली दिल्लीतील राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी कुस्तीच्या क्रीडागारास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांची जन्मतिथी, १५ जानेवारी, हा महाराष्ट्रात आता राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो.